मॅडम वू आणि तराजूचा धडा

आमच्या बचत गटात गेल्या उन्हाळ्यात पापडांच्या वजनावरून चांगलीच जुंपली होती. प्रत्येकीने घरी लाटलेले पापड डब्यात भरून आणायचे, गटात वजन करायचं आणि किलोमागे ठरलेले पैसे घ्यायचे, असा आमचा साधा हिशोब. पण माल दुकानात गेला की वजन दरवेळी थोडं कमीच भरायचं. मग कुजबुज सुरू झाली, एकीने दुसरीकडे बोट दाखवलं, दोघी-तिघींनी तर गट सोडायची भाषा केली. शेवटी कोपऱ्यात बसलेल्या एका आजींनी विचारलं, की बायांनो, रिकाम्या डब्याचा धडा केला होता का कुणी? सगळ्या गप्प! कधीतरी एकच डबा तोलून ठेवला होता आणि तेच वजन सगळ्यांच्या डब्यांना लावत होतो. चोरी कुणाचीच नव्हती. चूक मोजण्यात होती.

घरी येऊन हे सांगितलं तर बी.एस्सी.ला असलेली माझी लेक हसायलाच लागली. तिच्या मते ही तर थेट मॅडम वूंची गोष्ट झाली. आता ह्या मॅडम वू कोण? मी मराठी घेऊन बी.ए. झालेली, फिजिक्सशी माझी गाठ दहावीतच सुटली. लेकीने चार-पाच संध्याकाळी बसून, कणीक मळता मळता मला त्यांच्याबद्दल सांगितलं, काही पुस्तकं काढून दिली. त्यातून जी बाई माझ्यासमोर उभी राहिली ती तुम्हालाही भेटावी असं वाटलं, म्हणून आजचा हा लेख.

च्येन-श्युंग वू यांचा जन्म ३१ मे १९१२चा. चीनमध्ये शांघायजवळ ल्यूहे नावाचं छोटं गाव आहे, तिथला. त्याच वर्षी चीनमधली हजारो वर्षांची राजेशाही संपली होती. मुलींची पावलं लहान दिसावीत म्हणून ती लहानपणीच करकचून बांधायची प्रथा अजून पुरती गेली नव्हती. मुलीला शाळा कशाला, हा प्रश्न तर घरोघरी होताच. तिचे वडील वू चोंग-यी मात्र वेगळ्या विचारांचे. क्रांतीत भाग घेतलेले. त्यांनी गावात मुलींसाठी शाळाच काढली, मिंगदे नावाची. आई घराघरांत जाऊन आयांना समजवायची, की पोरीला शाळेत पाठवा. मी स्वतः वस्तीवर अशी दारं ठोठावली आहेत, त्यामुळे ह्या माऊलीबद्दल मला फार आपुलकी वाटली. शाळा काढणाऱ्याचं नाव पाटीवर लागतं, दारोदार फिरणारीच्या चपला झिजतात.

मुलीचं नाव ठेवताना वडिलांनी मुलगा-मुलगी असा भेद केला नाही. दोन्ही भावांची नावं जशी पराक्रमाची, तसंच हिचं. च्येन म्हणजे बळकट आणि श्युंग म्हणजे वीर. 

गावातली शाळा लहान वर्गांपुरतीच. पुढे काय? वयाच्या अकराव्या वर्षी ती घर सोडून सूचौ शहरात वसतिगृहात गेली. तिथे शिक्षिका होण्याचा अभ्यासक्रम होता, फी नव्हती आणि पुढे नोकरीची खात्री होती. आपल्याकडे जुन्या पिढीतल्या कितीतरी हुशार मुली अशाच डी.एड.ला गेल्या. पण थोड्याच दिवसांत तिच्या लक्षात आलं, की शेजारच्या वर्गातल्या मुलींना गणित-विज्ञान जास्त शिकवतात आणि आपल्याला नाही. मग काय, रात्री त्या मुली झोपल्या की त्यांची पुस्तकं मागून आणायची आणि स्वतःची स्वतः वाचून काढायची. फिजिक्स तिला असं मागून आणलेल्या पुस्तकांतून भेटलं.

पुढे नानजिंगच्या विद्यापीठात जायची वेळ आली तेव्हा तिची हिंमत खचली. आपला विज्ञानाचा पाया कच्चा, आपल्याला कसं जमणार? वडिलांनी उपदेश केला नाही. पुस्तकं विकत आणली आणि सुट्टीत वाच म्हणून पुढ्यात ठेवली. बस्स. १९३० ते १९३४ ती नानजिंगला शिकली, आधी गणित घेतलं, मग फिजिक्सकडे वळली. त्याच काळात जपानने चीनचे लचके तोडायला सुरुवात केली होती. विद्यार्थ्यांचे मोर्चे निघत, त्यांच्या पुढे ही असे. 

पदवीनंतर दोन वर्षं संशोधन केलं. तिथल्या वरिष्ठ बाई अमेरिकेतून पीएच.डी. करून आलेल्या. तूही जा, म्हणून त्यांनीच मागे लागून तिला तयार केलं. पैसे काकांनी दिले. ऑगस्ट १९३६मध्ये शांघायच्या धक्क्यावर आई-वडील, सगळं घर निरोप द्यायला आलं. थोड्या वर्षांचा प्रश्न, शिकून परत यायचंच होतं.

ती परत आली, पण तेव्हा आई नव्हती आणि वडीलही नव्हते. त्या दिवशी बोटीवर चढताना पाहिलं, तेच शेवटचं. पुढच्याच वर्षी जपानशी युद्ध पेटलं, मग महायुद्ध, मग चीनमध्ये सत्ताबदल आणि अमेरिकेशी वैर. वडील १९५९मध्ये गेले, आई १९६२मध्ये. दोन्ही वेळा तिला जाता आलं नाही. सासरी असताना माहेरचा फोन आला आणि एस.टी. मिळाली नाही म्हणून शेवटचं दर्शन चुकलं, अशा बायका माझ्या ओळखीत आहेत. वीस-वीस वर्षं झाली तरी त्या ते विसरलेल्या नाहीत. इथे तर मध्ये अख्खा महासागर.

अमेरिकेत तिला जायचं होतं मिशिगन विद्यापीठात. बोटीतून उतरल्यावर वाटेत बर्कलीचं विद्यापीठ बघायला गेली. तिथे एका चिनी विद्यार्थ्याने तिला प्रयोगशाळा दाखवली. त्याचं नाव ल्यूक युआन. बोलता बोलता तिला कळलं, की मिशिगनला विद्यार्थ्यांच्या नव्या इमारतीत मुलींना पुढच्या दाराने जाऊ देत नाहीत, बाजूच्या दाराने जावं लागतं. झालं! तिने मिशिगनचा बेतच रद्द केला आणि बर्कलीतच राहिली. दारासाठी विद्यापीठ सोडलं! माझ्या लेकीला ह्यात काही विशेष वाटलं नाही. मला वाटलं, कारण आम्ही कितीतरी मागची दारं न बोलता वापरली आहेत.

१९४०मध्ये त्या पीएच.डी. झाल्या. आता 'त्या'च म्हणायला हवं! १९४२मध्ये त्याच ल्यूक युआनशी लग्न झालं. दोघंही फिजिक्सवाले. पण कामाच्या ठिकाणी कुणी नवऱ्याच्या आडनावाने हाक मारली तर त्या लगेच दुरुस्ती करत, त्यांचं नाव प्रोफेसर वू. विद्यार्थी आणि सहकारी मात्र मॅडम वू म्हणत, आणि तेच नाव जगभर झालं.

एवढी हुशारी असून मोठ्या विद्यापीठात जागा मिळेना. बाई, त्यात चिनी. काही काळ मुलींच्या कॉलेजात शिकवलं, मग प्रिन्स्टनमध्ये. गंमत बघा, प्रिन्स्टनला तेव्हा मुलींना प्रवेशच नव्हता, आणि वर्गात शिकवायला उभी ही बाई! १९४४मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अणुबॉम्बच्या गुप्त प्रकल्पात त्यांना घेतलं गेलं. किरणोत्सार मोजायची यंत्रं हे त्यांचं काम. त्याच वर्षी प्रकल्पाची एक मोठी अणुभट्टी सुरू होऊन काही तासांतच आपोआप बंद पडली. दोष झेनॉन नावाच्या वायूचा होता आणि त्याची नेमकी मोजमापं वूंनी बर्कलीत आधीच करून ठेवली होती. बॉम्बच्या ह्या कामाबद्दल मला काय वाटतं ते नीट सांगता येत नाही. त्यांचं माहेर जपानी फौजांनी उद्ध्वस्त केलं होतं हे खरं, आणि हिरोशिमातही आयाच मेल्या हेही खरं.

युद्धानंतर त्या कोलंबियातच राहिल्या. १९४७मध्ये मुलगा झाला, व्हिन्सेंट. आणि इथून खरी गोष्ट सुरू होते.

काही अणूंचं केंद्रक आपोआप बदलतं. आतल्या एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो आणि एक इलेक्ट्रॉन वेगाने बाहेर फेकला जातो. ह्याला बीटा क्षय म्हणतात. क्षय म्हटलं की आपल्याला टीबी आठवतो, तसलं काही नाही हे! एन्रिको फर्मी नावाच्या इटालियन शास्त्रज्ञाने १९३४मध्ये ह्याचं गणित मांडलं होतं. किती इलेक्ट्रॉन जोरात निघतील, किती हळू, सगळं. पण प्रयोग केला की हळू निघणारे इलेक्ट्रॉन हिशोबापेक्षा जास्तच सापडायचे. पंधरा वर्षं हा घोळ चालू होता. फर्मीचं गणित चुकलं असणार, असं बरेच जण मानू लागले होते.

वूंना वेगळाच संशय आला. ज्या पदार्थातून इलेक्ट्रॉन निघतात त्याचा पापुद्रा कसा केलाय? आपण तव्यावर धिरडं घालतो, पीठ नीट पसरलं नाही तर कुठे जाड, कुठे पातळ. पापुद्रा जाड असेल तर आतून निघालेला इलेक्ट्रॉन वाटेत धडका खात खात बाहेर येणार, म्हणजे दमलेलाच येणार. तो मुळात हळू नव्हता, वाटेत हळू झाला! त्यांनी काय करावं? तांब्याच्या क्षाराच्या द्रावणात थोडा साबणासारखा डिटर्जंट घातला, म्हणजे थेंब एकसारखा पसरतो. अगदी पातळ, सगळीकडे सारखा पापुद्रा तयार झाला. मोजलं, तर इलेक्ट्रॉन तंतोतंत फर्मीच्या गणिताप्रमाणे! हे १९४९ साल. आमच्या आजींनी विचारलेला प्रश्नच हा, डब्याचा धडा केला होता का?

त्यानंतर बीटा क्षयाचं मोजमाप म्हणजे मॅडम वू, असं समीकरणच झालं. त्यामुळे १९५६च्या वसंतात कोलंबियातलेच त्सुंग-दाओ ली त्यांच्याकडे एक विचित्र शंका घेऊन आले. ली आणि त्यांचे मित्र चेन-निंग यांग, दोघेही चीनमधून आलेले, तरुण. शंका अशी. आरशात आपला उजवा हात डावा दिसतो. पण आरशातलं जग निसर्गाच्या नियमांत बसतंच, निसर्ग डावं-उजवं करत नाही, असं सगळे शास्त्रज्ञ धरून चालले होते. ली आणि यांगनी जुने प्रयोग चाळले तेव्हा त्यांना दिसलं, की बीटा क्षयासारख्या घटनांत हे कुणी तपासलेलंच नाही. सगळ्यांनी नुसतं गृहीत धरलंय.

पाउलीसारख्या दिग्गजांना तर हा प्रयोग म्हणजे वेळेचा अपव्यय वाटत होता. वूंना तसं वाटलं नाही. उत्तर हो असो की नाही, कुणी तरी एकदा नीट मोजायला हवं, आणि दुसऱ्या कुणाच्या आधी मोजायला हवं. त्या वर्षी चीन सोडून वीस वर्षं होत होती. नवरा-बायकोने युरोपमार्गे पूर्वेकडे जायची तिकिटं काढून ठेवली होती. त्यांनी आपलं तिकीट रद्द केलं. ल्यूक एकटे गेले. मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा.

प्रयोग समजायला अवघड नाही, करायला महाकठीण. कोबाल्ट-६० ह्या धातूची केंद्रकं भोवऱ्यासारखी फिरतात. सगळे भोवरे एकाच दिशेला उभे करायचे आणि बघायचं, इलेक्ट्रॉन वरच्या बाजूने आणि खालच्या बाजूने सारखेच निघतात का. सारखे निघाले तर आरसा खरा. पण उष्णतेने हे भोवरे सारखे डुचमळतात, म्हणून थंडी हवी. कसली थंडी? उणे २७३ अंशांच्या खाली काही नसतं, त्या तळापासून एका अंशाचा शंभरावा भाग वर, इतकी. अशी सोय वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय मानक संस्थेत होती. तिथले अर्नेस्ट अँबलर, हेवर्ड, हॉप्स आणि हडसन ह्या चौघांबरोबर त्यांनी काम सुरू केलं. कोलंबियात शिकवायचं आणि वॉशिंग्टनला प्रयोग, अशा महिनोन् महिने खेपा घातल्या. थंडी टिकायची फक्त काही मिनिटं, तेवढ्यात मोजणी उरकायची. स्फटिक हवे तेवढे मोठे मिळेनात, तर प्रयोगशाळेत स्वतःच वाढवले. कधी गळती, कधी तडा, पुन्हा पहिल्यापासून.

डिसेंबरात फरक दिसू लागला. इलेक्ट्रॉन एका बाजूने स्पष्ट जास्त! कुणीही उड्या मारल्या असत्या. वूंनी मात्र सगळ्यांना आवरलं. हा फरक निसर्गाचा की आपल्या यंत्राचा? पुन्हा तपासा. नाताळच्या आदल्या रात्री बर्फ पडत होतं, विमानं बंद, त्या शेवटच्या रेल्वेने न्यूयॉर्कला घरी आल्या आणि लींना अंदाज दिला. सुट्टी संपताच परत वॉशिंग्टन. जानेवारीत ह्याची कुणकुण लागून कोलंबियातल्याच दुसऱ्या गटाने वेगळ्या पद्धतीने चार दिवसांत तेच उत्तर काढलं, तरी वू आपली तपासणी अर्धवट सोडायला तयार नव्हत्या. ९ जानेवारी १९५७च्या पहाटे दोन वाजता सगळ्या चाचण्या पुऱ्या झाल्या. हडसननी टेबलाच्या खणातून वाइनची बाटली काढली, कागदी पेल्यांतून पाचही जणांनी ती घेतली. निसर्ग डावं-उजवं करतो, हे ठरलं. १५ जानेवारीला कोलंबियाने ते जगाला जाहीर केलं.

त्याच वर्षीचं नोबेल ली आणि यांगना मिळालं. वूंना नाही.

ह्यावर खूप लिहिलं गेलंय आणि बाई म्हणून डावललं असं सरळ सांगायचा मोह मलाही झाला. पण नियम असा, की नावं जानेवारीअखेर जायला हवीत, आणि वूंचा निबंध छापून आला फेब्रुवारीत. त्या वर्षीचं समजा सोडून दिलं. पण नंतर? समितीची जुनी कागदपत्रं खुली झाली तेव्हा कळलं, की पुढच्या वर्षांत त्यांचं नाव पुन्हा पुन्हा सुचवलं गेलं होतं. पुन्हा पुन्हा बाजूला पडलं. शंका काढणाऱ्याला बक्षीस आणि रात्र रात्र जागून मोजणारीला नाही, हे मला तरी पटत नाही. आता कुणी विचारेल, मग त्या वॉशिंग्टनच्या चौघांचं काय? रास्त आहे. तेही मोजणारेच होते आणि त्यांची नावं तर वूंच्या नावाखाली झाकलीच गेली. लेखात त्यांची नावं मी मुद्दाम घातली आहेत.

ह्याच शोधातून बीटा क्षयाचा पुढचा सिद्धांत उभा राहिला, आणि तो आधी मांडणाऱ्यांत केरळचे जॉर्ज सुदर्शन होते, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून अमेरिकेत गेलेले. नोबेल त्यांनाही कधी मिळालं नाही.

आता माझ्या लेकीच्या मते सगळ्यात महत्त्वाचं, पण कुणाला फारसं माहीत नसलेलं काम. १९६३मध्ये वूंनी ली आणि मो ह्या दोन सहकाऱ्यांबरोबर (हे ली वेगळे बरं का!) बोरॉन आणि नायट्रोजनच्या दोन खास प्रकारांचा बीटा क्षय मोजला. प्रश्न होता, बीटा क्षय घडवणाऱ्या बलाचं माप केंद्रकाच्या गर्दीत बदलतं का? म्हणजे एक किलोचा बाट किराण्याच्या दुकानात, भाजीवाल्याकडे आणि गिरणीत एकाच वजनाचा राहतो का? तो राहायला हवा, असा सिद्धांत होता. वूंच्या मोजणीने त्याला बळकट पुरावा दिला. मग शास्त्रज्ञांना हवा तो अणू घेऊन त्या बलाचं माप काढायची मुभा मिळाली, उत्तर तेच यायला हवं.

हे आजही चालू आहे म्हणून सांगते. प्रोटॉन-न्यूट्रॉन ज्या कणांचे बनतात त्यांना क्वार्क म्हणतात. बीटा क्षयात एका जातीचा क्वार्क, डाउन, बदलून अप होतो. पण अप होण्याचा हक्क फक्त डाउनचा नाही. स्ट्रेंज आणि बॉटम अशा आणखी दोन जातींचाही त्यात वाटा आहे. तीन बहिणींत वाटणी झाल्यासारखं. डाउनचा वाटा शेकडा सुमारे ९५, स्ट्रेंजचा सुमारे ५, आणि बॉटमचा नावापुरता. कॅबिबो ह्या इटालियन शास्त्रज्ञाने ह्या वाटणीची कल्पना मांडली तीही १९६३मध्येच, पुढे १९७३मध्ये कोबायाशी आणि मास्कावा ह्या जपानी जोडीने ती पूर्ण केली. तिन्ही वाटे मिळून शंभर भरायला हवेत. नाही भरले तर? तर आपल्याला ठाऊक नसलेला एखादा वाटेकरी घरात आहे, म्हणजे आजच्या फिजिक्सच्या पलीकडचं काहीतरी.

डाउनचा मोठा वाटा मोजायला आजही अणूंचा बीटा क्षयच सगळ्यात भरवशाचा. जॉन हार्डी आणि इयन टाउनर ह्या दोघांनी जवळजवळ सगळं आयुष्य जगभरातली अशी मोजमापं गोळा करून तपासण्यात घालवलं. पण इथेही डबा आहेच! बाहेर पडताना इलेक्ट्रॉन प्रकाशाचे कण सोडतो, काही पुन्हा गिळतो, आणि त्याने क्षयाचा वेग थोडा बदलतो. हा बदल शेकडा तीन-चारच्या घरातला. तो गणिताने काढून वजा करावा लागतो, तेव्हा खरं वजन कळतं. ह्याला शास्त्रज्ञ किरणोत्सर्गी दुरुस्ती म्हणतात. आपण धडा म्हणू. वर्षानुवर्षं जो धडा वापरत होते त्याने बेरीज शंभर जुळत होती, सगळे खूश होते. २०१८मध्ये एका गटाने तो नव्या पद्धतीने मोजला तर तो पूर्वीपेक्षा शेकडा दशांश एकने जास्त निघाला. दशांश एक! पण तेवढ्याने बेरीज शंभराच्या ऐवजी ९९.८५च्या आसपास आली. हजारात एक-दीडची तूट.

आता ही तूट नव्या वाटेकऱ्याची, की धड्यातच अजून काही राहिलंय, की स्ट्रेंजचा वाटा मोजण्यात चूक आहे? जगभर ह्यावर काम चालू आहे. लेकीला वाटतं नवीन कण असावा. मी आमच्या गटाचा अनुभव धरून म्हणते, आधी डबे पुन्हा तोला. मॅडम वूंनीही तेच केलं असतं, असं मला वाटतं.

घरात-कामात त्या फार गोड होत्या असं चित्र मी रंगवणार नाही. विद्यार्थ्यांना त्यांचा धाक होता. शनिवार-रविवारीही मुलांनी प्रयोगशाळेत असावं, अशी अपेक्षा. माझ्या लेकीला त्यांच्या हाताखाली पाठवलं असतं का, ह्याचं उत्तर मी अजून शोधतेय! पण ज्या स्वतःला सूट देत नव्हत्या त्या दुसऱ्याला कशी देणार? आणि पगार? हा मुद्दा तर प्रत्येकीने ऐकावा. १९५८मध्ये त्या पूर्ण प्रोफेसर झाल्या, जगात नाव झालं, आणि तरीही बरोबरीच्या पुरुष प्रोफेसरांइतका पगार त्यांना मिळाला तो १९७५मध्ये. तोही विभागप्रमुख बदलले आणि नव्या माणसाने आकडे पाहिले म्हणून. त्याच वर्षी अमेरिकन फिजिकल सोसायटीच्या त्या पहिल्या स्त्री अध्यक्ष झाल्या. १९७८मध्ये फिजिक्सचं पहिलं वुल्फ पारितोषिक त्यांनाच मिळालं. उतारवयात मुलींनी विज्ञानात यावं म्हणून त्या ठिकठिकाणी बोलत राहिल्या. सिकलसेलच्या आजारात रक्त कसं बदलतं ह्यावरही त्यांनी काम केलं. आपल्याकडे गडचिरोली, नंदुरबारच्या आदिवासी घरांतून हा आजार किती छळतो ते तिथे काम करणाऱ्यांना विचारा.

१९७३मध्ये, सदतीस वर्षांनी, त्यांना चीनला जाता आलं. एक भाऊ आणि ते काका, ज्यांनी बोटीचे पैसे दिले होते, सांस्कृतिक क्रांतीच्या धुमाकुळात बळी गेले होते. आई-वडिलांच्या निदान समाध्या तरी बघाव्यात, तर त्याही त्याच काळात उद्ध्वस्त झालेल्या. पंतप्रधान चौ एन-लाय यांनी स्वतः त्यांच्याकडे दिलगिरी व्यक्त केली. 

त्यानंतर त्या मायदेशी येत-जात राहिल्या. वडिलांच्या मिंगदे शाळेसाठी पैसे उभे केले, आपल्याजवळचे घातले. १६ फेब्रुवारी १९९७ला न्यूयॉर्कमध्ये, ८४व्या वर्षी त्यांचं निधन झालं. २०२१मध्ये अमेरिकेने त्यांचं टपाल तिकीट काढलं. त्यावर त्या चिनी पद्धतीच्या उंच गळ्याच्या पोशाखात आहेत. प्रयोगशाळेतही पांढऱ्या कोटाच्या आत त्या असाच पोशाख घालत.

त्यांच्या अस्थी ल्यूहे गावी नेल्या, मिंगदे शाळेच्या आवारात. २००३मध्ये ल्यूकही गेले, त्यांना तिथेच शेजारी ठेवलं. आता तिथे शाळेतली मुलं-मुली रोज येतात-जातात.